रिकामी गच्ची

मोठे नैतिक प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात, अशी आपली एक समजूत असते. राज्यें उलथतात, युद्धें होतात, तेव्हां माणसाच्या विवेकाची कसोटी लागते; एरवीं रोजचा व्यवहार सवयीनें चालतो, असें आपण धरून चालतों. आमच्या नाशिकच्या राहत्या इमारतीच्या एका वार्षिक सभेंत मला जो अनुभव आला, त्यानें ही समजूत माझ्यापुरती तरी निराधार ठरविली. सभेपुढील विषय अगदीं रुक्ष होता : जुन्या इमारतीला सूर्याच्या विजेची आणि भूगर्भांतील उष्णतेची जोड द्यावी कीं न द्यावी. परंतु त्या विषयाच्या पोटीं जो प्रश्न दडलेला होता, तो पुष्कळ वर्षें नीतिशास्त्र शिकवीत असूनहि मला दिसला नव्हता. तो कसा दिसला, तें सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची इमारत १९७८ सालची. चार मजले, सोळा बिऱ्हाडें, आणि वर सुमारें अडीच हजार चौरस फुटांची मोकळी गच्ची. बांधणाऱ्यानें भिंती चांगल्या जाड ठेवल्या होत्या. परंतु वर्षें लोटलीं तसतसा जिन्याचा गिलावा सुटूं लागला, विजेच्या तारा जुन्या झाल्या, आणि मागाहून बसविलेली लिफ्ट व पाणी चढविणारा पंप यांचें बिल दरसाल वाढत चाललें. अशा इमारतींचें पुढें काय होतें, हें नाशिककरांस ठाऊक आहे. एखादा बांधकाम-व्यावसायिक येतो, जुनें पाडून त्या जागीं बारा मजले उभे करण्याचें आमिष दाखवितो, आणि रहिवासी तें मान्य करतात. आमच्याकडेहि असे एक गृहस्थ येऊन गेले होते. परंतु जी वास्तु अजून पंचवीस वर्षें सहज उभी राहील, ती केवळ जुनी झाली म्हणून पाडणें आमच्यांतील पुष्कळांना रुचेना. नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुन्याचा जीर्णोद्धार करण्यांत पुण्य अधिक, असें आपल्याकडे मानीत आले आहेत. तोच न्याय राहत्या घराला कां लावूं नये, असा विचार होऊन दुरुस्तीचा बेत ठरला.

त्या बेतांत भर घातली ती आमच्या एका शेजाऱ्यांच्या चिरंजीवांनीं. हे तरुण गृहस्थ इंजिनियर असून कांहीं वर्षें स्वित्झर्लंडांत होते. झुरिक शहराचें नगरगृह सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलें आहे. तें न पाडतां, १९३८ सालीं, शेजारून वाहणाऱ्या लिम्मात नदीच्या पाण्यांतील उष्णता यंत्रानें ओढून घेऊन तें उबदार ठेवण्याची सोय करण्यांत आली, ही हकीकत त्यांनीं आम्हांस सांगितली. थंड पाण्यांत उष्णता कोठून आली, असें कोणी विचारतांच ते म्हणाले, 'घरांतला फ्रीज आपल्या पोटांतली उष्णता काढून मागच्या बाजूला टाकतो, तसेंच हें यंत्र. फक्त येथें नदी म्हणजे फ्रीजचें पोट आणि नगरगृह म्हणजे त्याची मागची बाजू.' ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन या शास्त्रज्ञानें १८५२ सालींच मांडली होती. नदी नसेल तर तेंच काम जमिनीकडून करून घेतां येतें. कारण कांहीं मीटर खालीं गेलें म्हणजे तेथील तापमान बारा महिने जवळजवळ सारखें, त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीइतकें, राहतें. जुन्या नाशकांतील वाड्यांत ज्यांनीं पौष महिन्यांत आडाच्या पाण्यानें स्नान केलें असेल, त्यांना हें शास्त्र निराळें शिकवावयास नको. पौषांत तें पाणी कोमट लागे आणि वैशाखांत गार. पाणी होतें तसेंच असे; बदलत असे तें बाहेरचें ऋतुमान.

तथापि हा बेत आमच्यापुरता व्यवहार्य नव्हता. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडील कुंडांत खोलवरची उष्णता आपण होऊन वर येते. आमच्या पायाखालीं मात्र काळा कठीण खडक आहे. त्यांत खोल छिद्रें पाडण्याचा खर्च करावयाचा, आणि घरें ऊबवावीं अशी थंडी ती वर्षांतून दोन महिने! म्हणून भूगर्भाचा नाद सोडून सभा सूर्याकडे वळली. येथें मात्र हिशेब सरळ होता. एक किलोवॅट विजेसाठीं सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते, आणि आपल्या प्रदेशांत तेवढ्या पॅनेलांपासून वर्षाच्या सरासरीनें दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यांत कमी, उन्हाळ्यांत अधिक. पॅनेल पंचवीस वर्षें टिकतात असें धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्यें जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेंत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठीं दर किलोवॅटमागें १८,००० रुपयांचें साहाय्य ठेवलेलें होतें. तेव्हां गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पॅनेल बसवावेत, जिना, लिफ्ट व पंप त्यांवर चालवावेत, आणि उरलेली वीज कंपनीला देऊन मिळणाऱ्या रकमेनें सर्वांची मासिक वर्गणी कमी करावी, असा ठराव पुढें आला. 'नाहीं तरी गच्ची रिकामीच पडलेली आहे', हें वाक्य त्या दिवशीं निदान पांच जणांच्या तोंडून मीं ऐकलें. एकदां तें माझ्याहि तोंडून बाहेर पडलें.

विरोध झाला तो वर्गणीच्या मुद्द्यावर. घातलेले पैसे वसूल होण्यास पांच-सहा वर्षें लागणार. तोंवर आम्ही असूं कीं नसूं, असें दोघा-तिघा वयोवृद्ध सभासदांनीं बोलून दाखविलें. त्यांना उत्तर देण्यासाठीं मी उभा राहिलों, आणि कबूल करावयास हरकत नाहीं कीं, वर्गांतील व्याख्यानापेक्षां तें भाषण अधिक रंगलें. नाशिकरोडपलीकडे एकलहरें येथें २१० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत. तेथें शेंकडों मैलांवरून आगगाडीनें कोळसा येतो आणि त्याची राख व धूर मागें राहतात, याचें मीं स्मरण करून दिलें. समाज म्हणजे केवळ जिवंत माणसांचा करार नसून मृत, जीवित आणि अजात अशा तिघांची ती भागीदारी आहे, या एडमंड बर्कच्या १७९० मधील विचाराचा मीं दाखला दिला. कोणाचें सुख आज घडतें कीं शंभर वर्षांनीं, यावरून त्या सुखाची योग्यता कमी-अधिक होत नाहीं, हें सिज्विकचें मत सांगितलें. आणि शेवटीं आपल्या परंपरेंतील ऋणकल्पनेकडे वळलों. पितृऋणाचा विशेष असा कीं, तें घ्यावयाचें एकाकडून आणि फेडावयाचें दुसऱ्याला. बापाचें देणें बापाला परत करतां येत नाहीं. तें मुलालाच द्यावें लागतें. ज्यांनीं ही इमारत बांधली त्यांचें ऋण आपण जे अजून जन्मास आले नाहींत त्यांना फेडलें पाहिजे, असें म्हणून मी खालीं बसलों. टाळ्या झाल्या. विरोध करणाऱ्या वृद्धांनीं माना खालीं घातल्या.

सभा भरली होती तळमजल्यावरील वाहनें ठेवण्याच्या जागेंत. तेथेंच एका बाजूस एक लहानसें बिऱ्हाड आहे, आणि त्यांत वीस-बावीस वर्षें एक विधवा बाई भाड्यानें राहतात. त्यांना सारी इमारत मावशी म्हणते. भाडेकरू असल्यामुळें त्यांना सभेंत मत नाहीं. परंतु सभाच दारांत भरल्यावर दार लावून घेणें बरें दिसत नाहीं, म्हणून त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, 'सर, जे जन्माला यायचेत त्यांचं तुम्ही बोललात, ते बरोबरच असेल. पण गच्ची रिकामी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?'

कोणीतरी हंसलें. मला मात्र हंसूं आलें नाहीं, कारण उत्तर मला ठाऊक होतें. फाल्गुन सरला कीं पहांटेस गव्हाचा चीक शिजल्याचा वास जिन्यांतून वर येतो. सूर्य कठड्यावर येण्याच्या आंत मावशी सोऱ्या घेऊन गच्चीवर जातात. जुन्या धोतरांवर कुरडयांच्या रांगा पडतात, त्यांच्या शेजारीं नागलीचे पापड, पलीकडे सांडगे. कावळे हांकीत त्या जिन्याच्या तोंडाशीं बसतात. हें सारें त्या घरच्यापुरतें करीत नाहींत. त्यांच्या हातच्या कुरडयांना आमच्याच नव्हे, आसपासच्या पांच-सहा इमारतींत मागणी आहे, आणि त्या अडीच-तीन महिन्यांच्या उन्हावर त्यांचें वर्षाचें निम्मेंशिम्में भाडें निघतें. हें मला माहीत होतें. माझ्या घरांतील डबाहि त्यांच्याच कुरडयांनीं भरलेला असतो. असें असूनहि 'गच्ची रिकामी आहे' असें मीं म्हटलें होतें, आणि म्हणतांना मला तें असत्य वाटलें नव्हतें.

त्या रात्रीं मीं पुष्कळ विचार केला. असत्य बोलण्याचा माझा हेतु नव्हता, हें निश्चित. मग असें कां व्हावें? मला वाटतें, 'रिकामें' हा शब्द वस्तूचें वर्णन करतो असें आपण समजतों, पण पुष्कळदां तो बोलणाऱ्याचें वर्णन करीत असतो. जेथें माझें कांहीं नाहीं, तें रिकामें. जेथें चालणाऱ्या व्यवहाराची कोठें नोंद नाहीं, पावती नाहीं, करार नाहीं, तें रिकामें. जॉन लॉकनें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, जी जमीन नांगरलेली नाहीं, कुंपण घालून सुधारलेली नाहीं, ती वाया गेलेलीच होय, असें प्रतिपादिलें. जगाच्या पाठीवर ठिकठिकाणीं ज्यांनीं दुसऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना या विचाराचा मोठाच आधार झाला. तेथें कोणी गुरें चारीत होता, कोणी मध काढीत होता, कोणी सर्पण वेंचीत होता. पण त्याची नोंद कागदावर नव्हती.

आणि ही केवळ इतिहासांतली गोष्ट नव्हे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्रीं काळोखांत विंचवाकाट्यांतून पाणी द्यावयास त्याला जावें लागूं नये, या अत्यंत स्तुत्य हेतूनें महाराष्ट्रांत २०१७ पासून सौर कृषि वाहिनीची योजना सुरू झाली. तिच्यासाठीं सरकारी जमीन पाहिली जाते, आणि सरकारी जमिनींत गांवचें गायरानहि येतें. गायरान हें नांवच सांगतें कीं, तें रिकामें नाहीं. परंतु गाय अर्ज करीत नाहीं, आणि ज्याच्याजवळ दोन शेळ्यांपलीकडे कांहीं नाहीं, त्याचा शब्द ग्रामसभेंत कितीसा चालतो? आमची गच्ची हें त्या गायरानाचेंच एक शहरी धाकटें भावंड होतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. अशा रीतीनें प्रत्येक लहानसहान उपयोगाची बूज राखीत बसलों, तर कोणतेंच मोठें काम पार पडणार नाहीं. एकीकडे एका बाईच्या कुरडया, दुसरीकडे कोळशाचा धूर. त्यांची बरोबरी कशी व्हावी? शिवाय ज्यांच्या घरावर ती राख पडते, ज्यांच्या गांवाशेजारीं कोळशाच्या खाणी खणल्या जातात, तीं माणसेंहि आमच्या सभेंत नव्हतीं. त्यांनाहि मत नव्हतें. मावशींच्या उन्हासाठीं सौर विजेचा बेतच सोडून दिला असता, तर एका मत नसलेल्या माणसाचें हित राखतांना दुसऱ्या मत नसलेल्यांच्या अंगावर आम्हीं धूर सोडला असता. हा आक्षेप मला मान्य आहे. पॅनेल बसविणें हें आमचें कर्तव्यच होतें, असें मी आजहि म्हणतों.

परंतु कर्तव्य मान्य केल्यानें तें कोणाच्या पदरच्या खर्चानें पार पाडावयाचें, हा प्रश्न सुटत नाहीं. माझ्या भाषणांतील दोष येथें होता. ऋण ही गोष्ट ज्याची त्यालाच लागू असते. माझ्या पितरांचें देणें मला आहे. तें मीं शेजाऱ्याच्या कोठींतून धान्य काढून फेडलें, तर तें ऋणमोचन नव्हे, उसनवारीहि नव्हे. त्याला निराळें नांव आहे. अजात पिढ्यांचा कैवार घेण्यांत एक मोठी सोय असते. त्या पिढ्या बोलत नाहींत. आपण त्यांच्या नांवानें जें मागूं, तें त्यांनाहि हवेंच असणार, असें आपण धरून चालतों. त्यांच्यापैकीं कोणी उंबऱ्यावर बसून 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' असें विचारीत नाहीं. म्हणूनच अनुपस्थितांविषयींचें प्रेम उपस्थितांविषयींच्या प्रेमापेक्षां सोपें असतें. मत नसलेल्यांसाठीं मी अर्धा तास बोललों, आणि मत नसलेली एक बाई माझ्यापासून दहा हातांवर बसली होती, ती मला दिसली नाहीं. बर्कच्या भागीदारींतील मृत आणि अजात यांचा विचार जरूर करावा. पण त्या भागीदारींत जिवंत माणसेंहि आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

जे वृद्ध सभासद माना खालीं घालून बसले, त्यांच्याविषयींहि मला मागाहून वाईट वाटलें. त्यांचें म्हणणें स्वार्थाचें म्हणून मीं त्यांना लाजविलें होतें. परंतु निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यानें 'माझ्याजवळ आतां थोडेंच उरलें आहे, तें जपून वापरूं द्या' असें म्हणणें आणि धनिकानें तेंच म्हणणें, यांत अंतर आहे. उदारता ही ज्याच्याकडून मागावयाची, त्याच्या शक्तीचा अंदाज घेऊनच मागितली पाहिजे.

पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या सभेंत इंजिनियर गृहस्थांनीं नवा आराखडा आणला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें वीस अंशांवर आहों. त्यामुळें पॅनेलांचें तोंड दक्षिणेकडे ठेवतात आणि वर्षांतील बहुतेक दिवस त्यांची सावली उत्तरेकडे पडते. म्हणून गच्चीच्या उत्तरेकडील अर्ध्या भागांत पॅनेल आणि दक्षिणेकडील अर्धा भाग मोकळा, अशी वांटणी झाली. १२ किलोवॅट वीज बसली. जिना, लिफ्ट आणि पंप यांना ती पुरून उरते. गेली ती कंपनीला द्यावयाची मोठी शिल्लक, म्हणजे आमच्या वर्गणींतील कपात. त्या कपातीचें पृथक्करण केलें, तर ती मावशींच्या उन्हांतूनच निघणार होती, हें तेव्हां कागदावर स्पष्ट दिसलें. खर्चासाठीं सर्वांकडून सारखी वर्गणी न घेतां, ज्यांना शक्य होतें त्यांनीं संस्थेला बिनव्याजी रक्कम द्यावी आणि वीजबिलांत होणाऱ्या बचतींतून संस्थेनें ती हळूहळू परत करावी, असें ठरलें. वृद्धांपैकीं एकानें आपण होऊन रक्कम आणून दिली. माझ्या भाषणानें त्यांना लाज वाटली होती. या वेळीं कोणीं लाजविलें नाहीं, म्हणून त्यांना देतां आलें असावें.

येथवर सर्व ठीक झालें असें वाचकांस वाटेल. परंतु एक सल राहिली आहे. दक्षिणेकडील भाग वाळवणासाठीं मोकळा राहील, हें इतिवृत्तांत कोणत्या शब्दांनीं लिहावें, यावर वाद झाला. मीं 'हक्क' हा शब्द सुचविला. सभासदांपैकीं एका वकिलांनीं तो अमान्य केला. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांत हक्क आणि परवाना यांत भेद केलेला आहे; हक्क दिला तर तो चिकटून राहतो, परवानगी सामान्यतः परत घेतां येते; उद्यां इमारत पाडावयाची झाली, तर एका भाडेकरूच्या हक्कामुळें सर्वांना अडचण होईल, असें त्यांनीं समजावून सांगितलें. त्यांचें म्हणणें कायद्याला धरून होतें. 'परवानगी' हा शब्द लिहिला गेला, आणि मींहि त्याखालीं सही केली.

म्हणजे शेवटीं आम्हीं जें दिलें, तें औदार्य म्हणून दिलें, न्याय म्हणून नव्हे. औदार्य ज्या दिवशीं गैरसोयीचें होईल, त्या दिवशीं परत घेतां येईल अशी तजवीज आम्हीं करून ठेवली. अजात पिढ्यांशीं असलेल्या नात्याला मी भर सभेंत ऋण म्हणालों. आणि वीस वर्षें शेजारीं राहिलेल्या बाईशीं असलेल्या नात्याला परवानगी या शब्दापलीकडचें नांव मला देतां आलें नाहीं. हा भेद न्यायाच्या कोणत्या तत्त्वावर टिकतो, हें मी अजून शोधतों आहें.

मावशींना मीं हें सर्व सांगितलें तेव्हां त्या चाळणींतला रवा पाखडीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, 'लिहा हो काहीही. ऊन पडलं म्हणजे झालं.' गेल्या चैत्रांत त्यांनीं आणून दिलेल्या कुरडयांचे पैसे मीं नेहमींपेक्षां थोडे अधिक देऊं केले. त्यांनीं मोजून जास्तीचे परत दिले.